नव्याने बांधलेल्या जीप इंजिनाचा पहिला स्टार्ट : सोलापुरातल्या एका गॅरेजमधलं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका जुन्या गॅरेजमध्ये दसऱ्याच्या सुमारास घडलेलं हे प्रकरण. माणसांची नावं, गाडीचा नंबर आणि गॅरेजचा पत्ता गाळला आहे. इंजिन बांधण्यात माझा हात नव्हता. पहिला स्टार्ट नीट पार पडावा म्हणून गाडीच्या मालकांनी मला बोलावलं होतं, आणि नोंदी ठेवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

गाडी महिंद्राची पेट्रोल सीजे-३बी जीप, उंच बॉनेटची. बॉनेट उंच आहे ते आतल्या हरिकेन एफ-१३४ इंजिनामुळे. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. आधीच्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनापेक्षा ते उंच झालं, म्हणून विलिसने १९५३ साली सीजे-३बी आणताना बॉनेटच वर उचललं. आपल्याकडच्या अशा कितीतरी जीपांमध्ये पुढे डिझेल इंजिनं बसली. ही मात्र पेट्रोलवरच राहिली होती.

मालक पस्तिशीचे, घरची डाळिंबाची बाग, आणि हॉट रॉडचं वेड. हॉट रॉड हा मूळ दक्षिण कॅलिफोर्नियातला प्रकार. १९३० च्या दशकात तिथली पोरं जुन्या, स्वस्त फोर्ड गाड्या सोलून हलक्या करायची, इंजिनं स्वतः सुधारायची आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रांत पळवायची. १९३२ च्या फोर्ड व्ही-८ ची मूळ ताकद ६५ हॉर्सपॉवर होती. तीच वाढवता वाढवता एक अख्खी विद्या उभी राहिली. मालकांना त्याच धाटणीचं काम जीपवर हवं होतं, पण कागदपत्रांना धक्का न लावता. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरबदलांबद्दलचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल त्यांनी वाचला होता. त्यामुळे परक्या गाडीचं इंजिन बसवायचा विचार त्यांनी सुरुवातीलाच सोडला. ब्लॉक तोच, इंजिन नंबर आरसीवर आहे तोच, आणि काम जे काय ते आतलं. मला हा निर्णय मनापासून पटला. आरटीओच्या दारात अडकून पडलेल्या सुंदर गाड्या मी पाहिल्या आहेत.

आतलं काम असं : बोअर (सिलेंडरचा व्यास) ४० थाऊ, म्हणजे इंचाचे ४० हजारांश, ओव्हरसाइझ, म्हणजे २,१९९ सीसीचं इंजिन २,२५६ सीसीच्या आसपास गेलं. क्रँक ग्राइंड केलेला. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, नव्याने ग्राइंड करून त्याचे लोब (उंचवटे) थोडे उंच केलेले, त्यावर नवे टॅपेट, म्हणजे लोबवर चालून व्हॉल्व्ह ढकलणारे खुंट. हेड हलकंसं प्लेन केलेलं. मोठ्या तोंडाचा कार्ब्युरेटर, आणि सोलापुरातच पाइप वाकवून, वेल्ड करून घेतलेला चार नळ्यांचा एक्झॉस्ट. डेल्को, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, मात्र जुनाच. पॉइंट, कंडेन्सर आणि कॅप बदलून तो परत बसवला होता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

मिस्त्री साठी ओलांडलेले. मालक त्यांना मामा म्हणतात, आणि गॅरेजमधली पोरंही.

अडचण नेमकी काय

फ्लॅट टॅपेटच्या इंजिनाचा पहिला स्टार्ट इतका नाजूक का, ते आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत.

या इंजिनात कॅमचा लोब आणि टॅपेट एकमेकांवर सरळ घासतात, मध्ये रोलर नसतो. लोबला अगदी बारीक उतार असतो आणि टॅपेटच्या तोंडाला डोळ्याला न दिसणारा फुगवटा. त्यामुळे टॅपेट वर-खाली होता होता स्वतःभोवती फिरतो आणि झीज एकाच जागी होत नाही. नवा कॅम आणि नवे टॅपेट एकमेकांना सरावतात ते पहिल्या वीसेक मिनिटांत. ती वीस मिनिटं नीट गेली की कॅम वर्षानुवर्षं चालतो. एखादा टॅपेट फिरला नाही किंवा तेल कमी पडलं, तर तेवढ्याच वेळात लोबचं नाक घासून जातं आणि त्याचा चुरा तेलातून सगळीकडे पसरतो.

लोबला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकवरून उडणाऱ्या शिंतोड्यांतून. आयडलला, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर, क्रँक हळू फिरतो आणि शिंतोडे कमी पडतात. म्हणून इंजिन लागलं की लगेच २,००० आरपीएमच्या आसपास न्यायचं आणि १,५०० ते २,५०० च्या दरम्यान वर-खाली करत वीस मिनिटं चालू ठेवायचं. आयडलवर सोडून कार्ब्युरेटर लावत बसायचं नाही. आणि त्याआधी सेल्फवर फार फिरवायचंही नाही, कारण प्रत्येक फेऱ्याबरोबर लोबवर बसवताना लावलेली वंगणाची पेस्ट पुसली जाते.

या जीपला आणखी एक अडचण आहे. तिचा ऑईल फिल्टर बायपास पद्धतीचा आहे. पंपाचं सगळं तेल फिल्टरमधून न जाता थोडाच भाग तिकडे वळतो, बाकीचं तसंच बेअरिंगांकडे जातं. त्यामुळे पहिल्या वीस मिनिटांत जो बारीक चुरा निघतो तो बेअरिंगांपर्यंत पोचायला वाट मोकळी असते.

थोडक्यात, इंजिन पहिल्या झटक्यात लागलं पाहिजे, लागल्यावर मध्ये थांबायची वेळ येऊ नये, आणि थांबायचंच झालं तर कशासाठी हे आधीच ठरलेलं असावं.

स्टार्टआधीच्या निवडी

सगळ्यात जास्त चर्चा तेलावर झाली. मालकांनी महागडं सिंथेटिक ५डब्ल्यू-३० आणून ठेवलं होतं. फ्लॅट टॅपेटला वाचवतो तो तेलातला झिंक आणि फॉस्फरसचा घटक. २००४ साली आलेल्या एपीआय एसएम या तेलाच्या अमेरिकी दर्जापासून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडच्या पेट्रोल तेलांत फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली, कारण तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. आजच्या गाड्यांना त्याने काही बिघडत नाही, त्यांचे कॅमच वेगळे आहेत. या जीपला मात्र ते तेल चुकीचं. वेगळं झिंक ॲडिटिव्ह मागवायचा पर्याय होता, पण ते किती मिसळायचं हा प्रश्न उरतो आणि जास्त झिंकही चांगलं नाही. शेवटी ट्रॅक्टर-ट्रकवाल्यांचं साधं मिनरल १५डब्ल्यू-४०, सीआय-४ दर्जाचं डिझेल इंजिन तेल घ्यायचं ठरलं. ते सोलापुरात कुठेही मिळतं, आणि त्यात झिंकचं प्रमाण पुरेसं असतं. मिस्त्रींचं म्हणणं पहिल्यापासून तेच होतं, फक्त त्यांनी कारण सांगितलं नव्हतं.

पाण्याचं लवकर ठरलं. नळाला काही दिवसांआड येणारं सोलापूरचं पाणी क्षाराचं, ते रेडिएटरमध्ये नकोच. पण हिरवं कूलंटही पहिल्या स्टार्टला घातलं नाही. हेड गॅस्केट कुठे झिरपलं तर कूलंटमधलं ग्लायकॉल तेलात उतरून बेअरिंगांचा नाश करतं. म्हणून बॅटरीवाल्याकडून कॅन भरून डिस्टिल्ड वॉटर आणलं.

व्हॉल्व्ह स्प्रिंगचा प्रश्न जरा अवघड होता. उंच लोबसाठी मालकांनी इनटेकला कडक स्प्रिंगा आणल्या होत्या. स्प्रिंग जितकी कडक तितका लोबवरचा दाब जास्त, आणि कॅम सरावायच्या वेळी नेमका तोच धोका. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये असल्याने हेड न काढताही त्याच्या स्प्रिंगा नंतर बदलता येतात. त्यामुळे सुरुवातीला जुन्या मऊ स्प्रिंगा ठेवायच्या आणि कडक स्प्रिंगा काही अंतर चालल्यावर टाकायच्या, असं ठरलं. एक्झॉस्टच्या स्प्रिंगा मूळच्याच राहणार होत्या.

राहिलं पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिळतं आणि या जीपचा कार्ब्युरेटर तशा पेट्रोलसाठी बनलेला नाही. इथेनॉल मिसळलं की त्याच जेटमधून, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकातून, मिश्रण पातळ जातं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं). त्यासाठी जेट एक नंबर मोठा टाकला. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) इथेनॉलला टिकणारा आहे की नाही याची खात्री नव्हती, म्हणून पहिल्या स्टार्टला टाकीऐवजी वर टांगलेल्या छोट्या कॅनमधून पेट्रोल द्यायचं ठरलं आणि फ्लोट चेंबर आधीच हाताने भरून ठेवलं. पेट्रोल वर चढेपर्यंत सेल्फ मारत बसायची गरज त्यामुळे उरली नाही.

दसऱ्याची सकाळ

मुहूर्त दसऱ्याचा होता. आदल्या दिवशी खंडेनवमीला गॅरेजमधल्या पान्यांची, जॅकची, लेथची पूजा झाली होती. सकाळी मालकांचे चुलते, बहिणी, शेजारी असे सगळे जमले. बॉनेटला झेंडूचा हार, बंपरपाशी नारळ.

स्टार्टआधी तेलाचं प्रेशर बनवायचं होतं. मालकांनी व्हिडिओत पाहिलेली रीत अशी : डेल्को काढायचा, त्या भोकातून दांडा घालून ड्रिल मशिनने ऑईल पंप फिरवायचा. शेवरलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये ते जमतं, कारण तिथे पंपाला डेल्कोचा शाफ्ट फिरवतो. जीपमध्ये नेमकं उलटं आहे. पंपाचं गिअर थेट कॅमच्या गिअरात बसतं आणि पंपाचा शाफ्ट डेल्कोला फिरवतो. डेल्को काढला तरी पंप कॅमशी जोडलेलाच राहतो. ड्रिल लावलं तर अख्खं इंजिन फिरवायला लागेल. म्हणून चारही प्लग काढून सेल्फवर फिरवायचं ठरलं. कॉम्प्रेशन नसल्याने बेअरिंगांवर जोर येत नाही.

हेल्परने बटण दाबलं. गरगर फिरलं. मिस्त्रींनी हात वर केला, सेल्फ गार होऊ दिला, पुन्हा फिरवलं. प्रेशर मीटरचा काटा खुंटीवर टेकलेलाच.

हेल्परचा अंगठा तिसऱ्यांदा बटणाकडे गेला तेव्हा मिस्त्री म्हणाले, "थांब बे, काटा हलंना."

पहिला निर्णय : मुहूर्त की प्रेशर

मालकांचा चेहरा उतरला होता. "मामा, एकदा चालू झालं की येईल की प्रेशर. आजचा दिवस जाऊ नये."

हे नुसतं उतावीळपणाचं बोलणं नव्हतं. कितीतरी गॅरेजांत असंच करतात, आणि पुष्कळदा प्रेशर येतंही. समोर चार वाटा होत्या.

पहिली, प्लग लावून इंजिन चालूच करायचं. आरपीएम वाढले की पंप तेल ओढेल, हा हिशेब. पण नाही ओढलं तर नवी बेअरिंगं कोरडी फिरणार, आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असणार.

दुसरी, सेल्फवर फिरवत राहायचं. मिस्त्रींना ते नको होतं, मलाही नको होतं. लोबवरची पेस्ट जात होती.

तिसरी, चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवून आत बघायचं. सगळ्यात खात्रीचं, पण दिवस मोडणार आणि नेमकं काय शोधायचं हेही माहीत नाही.

चौथी, बाहेरून दाबाने तेल भरायचं आणि ते कुठे जातं ते बघायचं. यात वेळ कमी जातो आणि पुढे कुठे बघायचं तेही कळतं. आम्ही हीच निवडली, पण पूजेनंतर. मिस्त्रींनी मालकांच्या चुलत्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "पूजा आज, स्टार्ट मागनं. पूजा गाडीची हाय, सेल्फची न्हाई." नारळ फुटला, हळद-कुंकू वाहिलं, जीप हाताने ढकलून उंबऱ्याबाहेर काढली, आपट्याची पानं वाटली. कुणी नाराज झालं नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हाच सर्वात मोलाचा निर्णय, आणि तो तांत्रिक कमी, माणसं सांभाळण्याचा जास्त होता.

बिघाड कसा सापडला

दाबाने तेल भरायला मालकांच्या बागेतला फवारणीचा हातपंप कामी आला. कोरा, औषध कधी न भरलेला. त्यात तेल ओतलं, नोझल काढून नळी थेट प्रेशर मीटरच्या भोकाला जोडली आणि दांडा मारून हवा भरली. हेल्पर पुढून हॅन्डलने इंजिन हळूहळू फिरवत होता. बाजूचं टॅपेट कव्हर उघडं ठेवलं होतं.

थोड्या वेळाने वर रॉकर शाफ्टच्या भोकांतून तेल पाझरायला लागलं. आधी एका रॉकरवर, मग हळूहळू सगळ्यांवर. पंप मारणं थांबवलं तरी दाब एकदम पडत नव्हता.

यातून बरंच काही कळलं. तेलाच्या वाटा मोकळ्या होत्या. तेलाच्या वाटेवरचा कुठला बूच बसवायचा राहून गेला असता तर दाब टिकलाच नसता. बेअरिंगांचा गॅपही ढिला नव्हता. म्हणजे पंपाच्या पुढचं सगळं ठीक होतं. बिघाड पंपात किंवा पंपाच्या मागे, तेल ओढण्याच्या बाजूला असणार. पंपाची गिअरं मिस्त्रींनी बसवतानाच तपासली होती. उरली ओढण्याची बाजू, आणि मग चेंबर उतरवणं आलंच, पण आता कुठे बघायचं ते माहीत होतं.

एफ-१३४ मध्ये चेंबरच्या आत तेलावर तरंगणारी जाळी असते. तिचा आधार ब्लॉकला खालून बोल्टने बसतो आणि मध्ये छोटं गॅस्केट असतं. चेंबर खाली घेतल्यावर मिस्त्रींनी बॅटरीच्या उजेडात त्या जागी बोट फिरवलं आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. गॅस्केट एका कडेला दुमडून चिरलं होतं. बोल्ट आवळताना ते सरकलं असणार. त्या फटीतून पंप तेलाऐवजी हवा ओढत होता. इंजिन चालू केलं असतं तरी त्याने हवाच ओढली असती.

नवं गॅस्केट कापून बसवलं. चेंबर खाली होतंच, तेव्हा खालून आणि टॅपेट कव्हरमधून जितके लोब हाताला लागले त्यांना पुन्हा पेस्ट लावली. सगळं जोडून हातपंपाने परत तेल भरलं, मग प्लग नसतानाच सेल्फ मारला. काटा थोडा थरथरला आणि वर चढला.

त्याच वेळी टॅपेट फिरतात का तेही बघून घेतलं. प्रत्येक टॅपेटवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला होता. हॅन्डल फिरवलं की ठिपका सरकायचा. एक टॅपेट जागेवरच अडत होता. तो वर उचलून त्याचं भोक साफ केलं तेव्हा सुटला. ही तपासणी घाईत कुणी करत नाही, आणि माझ्या मते तिच्याशिवाय चावी फिरवूच नये.

दुसरा प्रयत्न

कोजागिरीच्या आदल्या सकाळी, ऊन चढायच्या आत. ऑक्टोबरमधलं सोलापूरचं दुपारचं ऊन उभ्या गाडीला सोसत नाही, म्हणून रेडिएटरसमोर लूमच्या शेडमधला मोठा पंखा आणून ठेवला. गाडी शेडबाहेर, वाळूची बादली आणि अग्निशामक जवळ. यावेळी पाहुणे नव्हते.

ठिणगीचं टायमिंग चावी फिरवायच्या आधीच लावलं होतं. पॉइंटचा गॅप २० थाऊ, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि टेस्ट लॅम्प लावून टॉप डेड सेंटरच्या (पिस्टन अगदी वर येण्याच्या) ५ अंश आधी पॉइंट उघडतील असा डेल्को फिरवून आवळला. पुलीवर मूळ खुणा थोड्याच असतात. पुढच्या अंशांसाठी पुलीचा परीघ मोजून, त्याला ३६० ने भागून पांढऱ्या खुणा करून ठेवल्या. टॅपेटचा गॅप मॅन्युअलप्रमाणे थंड इंजिनावर इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६.

कामं वाटून दिली. मालक हॅन्ड थ्रॉटलवर, मिस्त्री इंजिनापाशी कानांनी, हेल्पर गाडीखाली गळती बघायला, मी मीटर आणि टायमिंग लाइटवर. भिंतीवर खडूने लिहिलं : प्रेशर लगेच आलं नाही तर बंद. प्रेशर २० पीएसआयच्या (दाबाचं एकक) खाली गेलं तर बंद. पाणी १०० अंशांवर गेलं तर बंद. ठोकण्याचा आवाज आला तर बंद. बंद म्हणायचा अधिकार चौघांनाही, विचारायचं नाही.

इंजिन जवळजवळ सेल्फ लागताच लागलं. प्रेशर ४० वर. मालकांनी २,००० धरले. चार उघड्या नळ्यांचा आवाज गल्लीभर गेला आणि पलीकडच्या गच्चीवर माणसं उभी राहिली.

दुसरा निर्णय : लाल झालेल्या नळ्या

काही मिनिटांनी मिस्त्रींनी माझ्या खांद्याला हात लावून एक्झॉस्टकडे बोट दाखवलं. एक्झॉस्टच्या नळ्या मुळापाशी लालसर दिसायला लागल्या होत्या. पाणी ९० पार करून चढत होतं. प्रेशर मात्र ठीक होतं, आवाज स्वच्छ होता. आणि भिंतीवरच्या यादीत ही गोष्ट नव्हती.

बंद केलं तर कॅमचं सरावणं अर्धवट राहणार आणि गरम इंजिन पुन्हा लावताना परत सेल्फ मारावा लागणार. चालू ठेवलं तर नळ्या, गॅस्केट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह यांना धोका. नळ्या लाल होण्याची दोन नेहमीची कारणं : मिश्रण पातळ, किंवा टायमिंग मागे. टायमिंग मागे पडलं की पेट्रोल उशिरा जळतं, व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आग अजून चालू असते आणि ती उष्णता नळ्यांत जाते.

आधी मिश्रण तपासलं, कारण त्याला क्षणभर पुरतो. मालकांनी चोक थोडा ओढला. मिश्रण पातळ असतं तर आरपीएम वाढले असते. ते उलट पडले. म्हणजे मिश्रण नव्हे. मग टायमिंग लाइट पुलीवर धरला. २,००० आरपीएमला खूण पाचाच्या आसपासच थबकलेली. डेल्कोतली वजनं वेगाबरोबर बाहेर फेकली जाऊन टायमिंग पुढे न्यायला हवं होतं, किमान बारा-पंधरा अंशांपर्यंत. ती हलतच नव्हती.

मिस्त्रींचं मत पडलं की डेल्को चालू इंजिनावरच फिरवून पुढे घ्यावा. मी सहमत झालो. धोका एकच होता : अडकलेली वजनं मध्येच सुटली तर टायमिंग एकदम फार पुढे जाईल. पण गाडी उभी होती, इंजिनावर लोड नव्हता, कॉम्प्रेशन माफक होतं, आणि तसं झालं असतं तर आवाजात लगेच कळलं असतं. मिस्त्रींनी क्लॅम्प थोडा सैल करून डेल्को बोटभर वळवला, मी लाइटखाली खूण बघत होतो. अठराच्या जवळ आल्यावर मी हात केला. आरपीएम उसळले, मालकांनी थ्रॉटल मागे घेतला. नळ्यांचा लालपणा उतरला, पाणी ८५ वर येऊन स्थिर झालं.

राहिलेला वेळ शांतपणे गेला. गरम झाल्यावर प्रेशर ३२ वर थांबलं.

मालकांनी नंतर विचारलं की यादी करूनही आपण चालू इंजिनावर प्रयोग का केला. माझं उत्तर असं, की कारण हातात होतं आणि उपाय उलटवता येण्यासारखा होता. लाइटवर काही दिसलं नसतं तर मी बंद म्हटलं असतं. कारण न कळता वाट बघणं हा पर्याय तिथे नव्हताच.

निष्पत्ती

इंजिन गरम असतानाच तेल काढलं, स्वच्छ ताटात ओतून चुंबक फिरवला. राखाडी पेस्टसारखा बारीक थर मिळाला, तो नव्या कॅमकडून अपेक्षित असतो. चकाकणारे कण किंवा पत्र्याचे तुकडे नव्हते. बायपास फिल्टरमुळे हे तेल एक दिवसही ठेवायचं नव्हतं. नवं त्याच दर्जाचं तेल भरलं.

डेल्को उघडला. वजनांच्या पिनांवर जुनं ग्रीस वाळून कडक झालं होतं. साफ करून, तेलाचा थेंब देऊन परत बसवला, ५ अंशांवर लावला, आणि आता २,००० ला तो स्वतःहून पुढे जाऊ लागला.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर टॅपेटचे गॅप पुन्हा मोजले. लोब आणि टॅपेट एकमेकांना खायला लागले असतील तर गॅप वाढतो. सात जागी बदल एक-दोन थाऊंचा. तीन नंबरच्या एक्झॉस्टला तीन थाऊ वाढलेला. तो परत १६ वर लावून त्यावर लक्ष ठेवायचं ठरलं. हेडचे नटही पुन्हा टॉर्क पान्याने आवळले.

पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला नीट बसायला लोड लागतो, नुसतं उभ्या उभ्या चालवून त्या बसत नाहीत. मालकांनी पहाटे तुळजापूर रोड धरला, हिप्परग्याच्या तलावापुढे मोकळा रस्ता लागल्यावर टॉप गिअरमध्ये मध्यम वेगावरून जोरात पिकअप आणि मग पाय उचलून इंजिनावरच वेग उतरवणं, असं पुन्हा पुन्हा केलं. ५०० किलोमीटरनंतर तेल परत बदललं. चारही सिलेंडरांचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या १० पीएसआयच्या आत आलं. तीन नंबरचा गॅप तिथेच स्थिर होता.

काय वेगळं करता आलं असतं

डेल्कोचा प्रश्न टाळता येण्यासारखा होता. कॅप काढून रोटर बोटाने पिळायचा आणि सोडायचा. वजनं मोकळी असतील तर तो स्प्रिंगच्या जोराने परत येतो. हे बसवण्याआधी टेबलावर करायचं काम. जुना भाग नव्या इंजिनावर चढवताना त्याचे फक्त झिजणारे तुकडे बदलले जातात आणि आतली यंत्रणा तशीच राहते, हे मी बऱ्याच गॅरेजांत पाहतो.

भिंतीवरच्या यादीत बंद करण्याची कारणं होती, पण "आधी तपासा, मग ठरवा" अशी कारणं नव्हती. लाल नळ्या, हळूहळू चढणारं पाणी, एका सिलेंडरचं मिसिंग, या गोष्टी वेगळ्या रकान्यात हव्यात आणि प्रत्येकीसमोर पहिली तपासणी लिहिलेली हवी. त्या आवाजात बोलून ठरवणं शक्य नव्हतं. आम्हाला हातवाऱ्यांवर भागवावं लागलं, आणि ते भागलं ते मिस्त्री आणि मी दोघंही एकाच दिशेने विचार करत होतो म्हणून.

जाळीच्या गॅस्केटबद्दल मिस्त्रींचं आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात, बोल्ट आवळताना आरसा लावून बघितलं असतं तर दिसलं असतं. मला वाटतं, चेंबर बंद करण्याआधी ओढण्याच्या बाजूची वेगळी तपासणीच हवी : जाळीची नळी तेलात बुडवून पंप हाताने फिरवायचा आणि बुडबुडे येतात का ते बघायचं. दोन्ही केलं तर बिघडणार काहीच नाही.

मुहूर्ताचं पुढच्या वेळी आधीच सांगून टाकावं, म्हणजे पूजा आणि स्टार्ट वेगवेगळ्या दिवशी असं पाहुण्यांना निमंत्रणातच कळेल. दसऱ्याला सगळ्यांसमोर नाही म्हणायची वेळ मिस्त्रींवर आली, आणि त्यांच्या वयामुळे ते मानलं गेलं. तिथे तरुण मेकॅनिक असता तर त्याला इतकं सहज जमलं नसतं.

कडक स्प्रिंगा अजून खोक्यातच आहेत. तीन नंबरचा गॅप आणखी हजार किलोमीटर हलला नाही, तर इनटेकला त्या टाकायच्या आणि मग कार्ब्युरेटरचे जेट पुन्हा तपासायचे. हातपंपावर मिस्त्रींनी रंगाने "फक्त तेल" लिहून तो गॅरेजच्या खुंटीला टांगला आहे. मालकांनी बागेसाठी दुसरा घेतला.